गळ्यातली पट्टी
लाकडाचा भुसा जळल्याचा वास आला की माझा हात आधी गळ्याकडे जातो. आयटीतली नवी नोकरी होती, आणि शनिवारचं अर्ध्या दिवसाचं काम आटपून मी तशीच पुण्याजवळच्या मांजरी गावात, एका बाईंकडे राकू, म्हणजे जपानी पद्धतीनं मातीची भांडी भाजायला, शिकायला गेले होते. राकूत भांडं भट्टीतून लालभडक असतानाच चिमट्यानं उचलून भुशाच्या पिंपात ठेवायचं असतं. त्या दिवशी पहिल्यांदाच चिमटा माझ्याकडे होता. कातडी हातमोज्यांची एकच जोडी होती, तीही मीच घातलेली. मी वाकून भांडं ठेवलं, भुशानं भडका घेतला, आणि काढायचं विसरलेलं ऑफिसचं कार्ड गळ्यातून थेट जाळावर लोंबलं. नायलॉनची पट्टी हनुवटीखाली पेटली. बाईंनी पेटती पट्टी मुठीत धरून हिसकली, पिंपात टाकली आणि झाकण दाबलं. “अहो, इथं हजेरी लागत नाही,” एवढंच म्हणाल्या. नंतर चहा पिताना त्यांनी कप डाव्या हातात धरला, तेव्हा त्यांचा भाजलेला उजवा तळहात मला दिसला. आता मी शिकवते. दारात कुणी आलं की ‘या’ म्हणायच्या आधी मी त्याचा गळा बघते.