बाभळीवरची चिंधी

"ए पांढऱ्या, तुझी सावली उचल आधी!"

दगडूमामा माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. शेंद्र्याच्या कारखान्यात लागून मला दोनच महिने झाले होते. पहिली पाळी सुटली की मी मागच्या गावतलावावर जाऊन ऑनलाइन मागवलेला चकचकीत रॉड पाण्यावर नाचवत असे. मासा लागत नव्हता आणि लागायचं काही कारणही नव्हतं. त्या दिवशी मी कंपनीचा पांढरा शर्ट घालूनच बांधावर उभा होतो. पाठीवर उतरतं ऊन होतं आणि माझी लांबलचक सावली थेट पाण्यात पडली होती. ओरडणारा माणूस बाभळीच्या बुडाशी उकिडवा बसला होता. अंगात मातकट शर्ट, डोक्याला टॉवेल असा गुंडाळलेला की त्याची दोन टोकं कानांवर शिंगांसारखी उभी राहिलेली. पाय अनवाणी. चपला त्यांनी पार रस्त्याच्या कडेला काढून ठेवल्या होत्या.

"मासा आंधळाय व्हय रे? त्याला खालून समदं दिसतंय. अन् हे पांढरं घालून उभा राह्यलास, त्याला वाटतंय बगळा आला. जा, मागं सरक."

मी मागे सरकलो. पुढची सहा वर्षं मी त्यांचा 'पांढऱ्या' राहिलो. माझं खरं नाव गणेश आहे हे त्यांना माहीत तरी होतं की नाही, अशी मला शंका यायची.

मामा आमच्याच कारखान्यात, स्टोअरमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचे. मूळचे फर्दापूरकडचे. वडील-आजोबा मेंढरांमागे फिरलेले आणि विशीपर्यंत मामाही त्याच वाटेनं चाललेले. मेंढरं गेली, नोकरी आली, पण चालणं मेंढपाळाचंच राहिलं. कुठल्याही पाण्यावर गेले की गळ टाकायच्या आधी सबंध काठ एकदा चालून यायचे. कुठे पानकणसाचं गवत माजलंय, कुठे चिखलात खळगा आहे, कुठे बेडूक जास्त ओरडतात, हे सगळं डोक्यात साठवायचे आणि मग बसायचे. मला वाटायचं, किती वेळ फुकट घालवतोय हा माणूस. एकदा तसं बोललोही. "तू कर घाई," ते म्हणाले, "तुझा मासा मी उद्या येऊन धरतो." आणि खरंच दुसऱ्या दिवशी माझ्याच जागेवरून त्यांनी दोन किलोची मरळ काढली.

मरळ हा त्यांचा जीव की प्राण. रोहू-कटल्याला ते मासाच समजत नसत. "कणकेच्या गोळीला भुलतंय ते काय मासाय?" माझ्या चकचकीत रॉडची त्यांनी पहिल्याच आठवड्यात विल्हेवाट लावली. हा लवतो फार, मरळीचं टाळकं हाडाचं असतंय, त्यात गळ रुतवायचा तर काठी ताठ पाहिजे. दोरा विणलेला घ्यायचा, कारण साधा नायलॉनचा तंगूस पानकणसात घासून तुटतो. मात्र गळाच्या तोंडाशी हातभर जाड तंगूस बांधायचा, कारण मरळीला दात असतात. गाठ आवळायच्या आधी थुंकीनं ओली करायची, नाहीतर दोरा घर्षणानं जळतो. आमिषाला रबरी बेडूक, दोन गळांची टोकं पाठीला चिकटलेला, म्हणजे गवतात अडकत नाही. तो मातकट किंवा काळा असावा, पिवळाधमक तर दुकानदाराच्या आवडीचा असतो, माशाच्या नाही. बेडूक माशाच्या डोक्यावर फेकायचा नाही, पलीकडे टाकून थांबत थांबत ओढत आणायचा.

सगळ्यात अवघड शिकवणी पुढची होती. पाणी फुटतं, बेडूक दिसेनासा होतो आणि हात आपोआप झटका मारतो. तसं केलं की रिकामा बेडूक उडून आपल्याच तोंडावर येतो. "सबर ठिव," मामा मागून दबक्या आवाजात म्हणायचे. "तिला तोंड मिटू दे. एक म्हण. दोन म्हण. तीन म्हण. आता मार!" माझी पहिली मरळ लागली तेव्हा मी एवढ्या मोठ्यानं 'तीन' ओरडलो होतो की बांधावरून जाणारा माणूस सायकलवरून उतरून बघायला आला. मामा पोट धरून हसले. त्यांनी मला त्या दिवशी टपरीवर दोन वेळा चहा पाजला आणि जो येईल त्याला सांगितलं, "पांढऱ्यानं मरळ धरली, मोजून धरली!"

पण ज्या गोष्टीसाठी मी त्यांना गुरू मानलं ती वेगळीच होती. चैत्र संपता संपता मरळीची जोडी जमते. गवतात जागा साफ करून अंडी घालते, आणि थोड्या दिवसांत पाण्यावर शेंदरी रंगाचा एक झुबका दिसू लागतो. शेकडो पिल्लं, एकत्र वर येतात, हवा घेतात आणि एकत्र खाली जातात. त्यांच्या खाली आई-बाप पहाऱ्याला असतात. त्या दिवसांत मरळ धरणं सगळ्यात सोपं. ती भुकेनं खात नाही, रागानं खाते. झुबक्याजवळून बेडूक काय, काडी जरी नेली तरी तुटून पडते. नवख्या माणसालाही हमखास लागते. आणि ती लागली की पिल्लांचं एका दिवसात होत्याचं नव्हतं होतं.

"व्यायलेल्या मेंढीला आमच्यात हात लावत नाय," मामा सांगायचे. "बाजार असू दे, पाव्हणा असू दे, कोकरू चरायला लागूस्तोवर ती कळपातून हलत नाय. माझा बाप लई भांडखोर माणूस, पण यात त्यानं कधी गफलत केली नाय. मग पाण्यातली मेंढी काहून येगळी?"

झुबका दिसला की मामा जवळच्या बाभळीला एक चिंधी बांधत. चिंधी आहे तोवर तिथे कुणी गळ टाकायचा नाही. पिल्लं काळी पडून पांगली, किंवा जागा रिकामी झाली, की ज्यानं बांधली त्यानंच किंवा त्याच्या माणसानं ती सोडायची. शेंद्र्यापासून पाचोडपर्यंत गळ टाकणारे पंधरा-वीस जण ही खूण पाळत होते. मी एक-दोघांशी तिच्यासाठी भांडलोही आहे. एका तळ्याजवळ माझ्या शर्टाची बाही फाटली त्यात. मामांना ते सांगताना मला केवढा अभिमान वाटला होता!

माझं गाव पाचोडच्या अलीकडे, पैठण तालुक्यात. गावाखाली पाझर तलाव आहे. कालव्याच्या झिरप्यामुळे तो सहसा आटत नाही, पण एका उन्हाळ्यात पार तळाला गेला. तेव्हा चिखलात तडफडणाऱ्या मरळी गावातल्या लोकांनी घागरींतून उचलून आमच्या विहिरीत सोडल्या आणि पाऊस झाल्यावर परत तलावात नेल्या. त्यात माझे चुलते तात्या पुढे होते. तेव्हापासून त्या मरळी गावाच्या. पोळ्याच्या आधी तिथे कुणी गळ टाकत नाही, आणि बाहेरचा माणूस तर कधीच नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात तिथे मी एवढा मोठा झुबका पाहिला की मला राहवेना. आणि त्याखालची ती जोडी! मोठी तीन किलोच्या खाली नक्की नव्हती. मी आईच्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ फाडून बाभळीला बांधला आणि रविवारी मामांना बघायला घेऊन गेलो. तात्या बांधावरच भेटले.

"कोण आणलंस?" त्यांनी विचारलं.

"दगडूमामा. माझे गुरू. ते गळ टाकणाऱ्यांतले नाहीत, उलट सांभाळणाऱ्यांतले आहेत."

"बग बाबा. तुझ्या भरवशावर येऊ देतो."

मामा त्या झुबक्याकडे पुष्कळ वेळ बघत बसले. गळ आणलाच नव्हता. नंतर तात्यांबरोबर भाकरी-पिठलं खाल्लं. निघताना हात जोडून म्हणाले, "तात्या, असं पाणी ठिवलंय तुमी, नशीब लागतंय." तात्या खूश झाले. म्हणाले, कधीही येत जा, पोरगं सोबत नसलं तरी या.

पुढच्या गुरुवारी कॅन्टीनमध्ये आमच्या प्लँटचे एक साहेब टेबलाटेबलावर फोन फिरवत होते. त्यांना नुकताच माशांचा नाद लागला होता. नवी महागडी काठी घेऊन वर्षभर हिंडून त्यांच्या हाती काही लागलं नव्हतं, आणि त्यावरून मागे थट्टाही चालायची. "एका सकाळी दोन," ते सांगत होते. "दहा मिनिटांच्या अंतरानं! मोठी तीन किलो दोनशे." फोन माझ्यापर्यंत आला. साहेबांनी मरळ छातीशी धरली होती. त्यांच्या मागे बाभळ होती आणि बाभळीला माझ्या आईच्या लुगड्याचा हिरवा काठ. मी फोन जवळ घेतला. फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी सकाळचं ऊन होतं. त्याची सावली साहेबांच्या पायांवरून जाऊन पाण्यात पडली होती. त्या सावलीच्या डोक्याला टॉवेलाची दोन शिंगं होती.

ज्या माणसानं सहा वर्षं मला सावली मागे ठेवायला शिकवलं, त्यानं ती खुशाल पाण्यात पडू दिली होती. आता पळून जायला तिथे कुणी उरलंच नव्हतं.

स्टोअरमध्ये गेलो तेव्हा मामा फोर्कलिफ्टवरच बसले होते. मला बघून त्यांनी गाडी बंद केली.

"तुम्ही नेलं साहेबांना?"

"व्हय."

"झुबक्यावर?"

"व्हय. त्यांना दुसरीकडं लागली नसती." मग म्हणाले, "माझं पोरगं हितंच तीन वर्सं टेम्परवारी हाय, गणेश. दर सहा म्हैन्याला बसवत्यात घरी. साहेबांच्या हातात हाय. म्या काय करायचं व्हतं?"

सहा वर्षांत पहिल्यांदा ते मला माझ्या नावानं बोलत होते, आणि मला ते ऐकवलं नाही.

"दुसरं पाणी नव्हतं का, मामा? दहा ठिकाणी चिंध्या आहेत तुमच्या."

"हितली लोकं फिरत्यात तिथं. कुणीतरी बघितलं असतं."

म्हणजे त्यांनी विचार केला होता. माझ्या गावात त्यांना कुणी अडवणार नाही, कारण मी शब्द दिलाय, याचा त्यांनी नीट हिशेब केला होता. काठ चालून बघितल्याशिवाय ते कधी बसत नसत, हे मला तेव्हा आठवलं. मी म्हणालो, "मामा, तुम्ही मला फसवलंत." मागून कुणीतरी माल उतरवायला हाक मारली आणि त्यांनी गाडी सुरू केली.

त्याच दिवशी अर्धी रजा टाकून गावी गेलो. बाभळीवर चिंधी नव्हती. वाऱ्यानं गेली असेल, असं मला वाटलं. पाण्यावर झुबका नव्हता. गवताच्या कडेला पाच-सात शेंदरी पिल्लं वर येत होती, आणि समोरच्या काठीवर खंड्या बसला होता. मी त्याला ढेकळं मारत राहिलो. तो उडायचा आणि परत यायचा. दोन दिवस रजा वाढवून मी तेच करत बसलो, वेड्यासारखा. तिसऱ्या दिवशी पिल्लं दिसली नाहीत.

तात्या मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "तूच म्हनलास म्हणून," एवढंच बोलले. तेव्हापासून घरात कुणाला जामीन राहायचं असलं, कुणाची शिफारस करायची असली, की तात्या माझ्याकडे बघून विषय बदलतात.

मामांचा मुलगा पर्मनंट झाला. चांगला, कामसू मुलगा आहे. माझ्याशी आदरानं वागतो, त्याला काही माहीत नाही. मीही सांगितलेलं नाही. मामा गेल्या वर्षी निवृत्त होऊन फर्दापूरला गेले. शेवटच्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. हातात त्यांचा तो पत्र्याचा डबा होता, बेडूक आणि गळ ठेवायचा. "पोराला नाद नाय याचा," म्हणाले. "तुला राहू दे." मी हात पुढे केला नाही. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि गेले. मी उठून फाटकापर्यंतसुद्धा गेलो नाही.

डबा वर्षभर कपाटावर पडून होता. या वैशाखात उघडला. आत मातकट बेडूक, जाड तंगुसाची गुंडाळी, पक्कड. आणि तळाशी, धुऊन घडी घातलेला हिरवा काठ.

मी कितीतरी वेळा मनाशी म्हटलं होतं की माणूस पोरासाठी आंधळा होतो, त्या सकाळी त्यांना काही सुचलं नसेल. तशी माफी मी जवळजवळ तयार करून ठेवली होती. पण दोन्ही मरळी पिशवीत घातल्यावर मामा बाभळीपाशी परत गेले होते. जागा रिकामी झाली की चिंधी सोडायची, हा त्यांचाच नियम. तो त्यांनी पाळला होता.