पाकळीवरचा घाव

संगणकावर चालणारं, लाकूड कोरणारं जुनं सीएनसी मशीन घ्यायला मी केडगावला गेलो होतो. विकणाऱ्या सुतारकाकांनी ते चालवून दाखवलं. मशीनने पाटावर कमळ कोरलं, अगदी निर्दोष. काकांनी डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला आणि पटाशीने एका पाकळीवर हलकासा घाव घातला.

"अहो काका, चांगलं होतं की!" मी ओरडलोच.

"लई चांगलं हुतं," भुसा फुंकत ते म्हणाले. "म्हनून तर मानसानं केल्यावानी वाटत न्हवतं."

घरी आणल्यावर मी मशीनला नवी मोटर बसवली, नवे पट्टे घातले. परवा पहिला पाट तयार झाला. त्यात एकही चूक नव्हती. कौतुकाने बायकोला दाखवायला निघालो आणि दारातूनच परत फिरलो, पटाशी शोधायला.