चढावरचा निळा दिवा

गाडीची ताकद वाढवणारं यंत्र माझ्या वडिलांनी इंटरनेटवरून मागवलं, तेव्हा आमच्या नात्यागोत्यात कोणी इंटरनेटवरून साधा हातरुमालही घेतला नव्हता. बाबा निवृत्त हिशेबनीस. बरकतपुऱ्यातल्या इंटरनेटच्या दुकानात बसून त्यांनी ऑर्डर दिली, मग बँकेत जाऊन डिमांड ड्राफ्ट काढला आणि तो रजिस्टर पोस्टाने पाठवला. घरबसल्या होणाऱ्या या खरेदीपायी त्यांची एक सकाळ रांगांमध्ये गेली. त्यांना वाईट वाटलं ते एवढंच, की घासाघीस करायला समोर कोणी नव्हतं. अफझलगंजच्या बाजारात ते चार खिळे घेतानाही आधी दुकानदाराच्या तब्येतीची चौकशी करत आणि मग भाव पाडत.

यंत्र म्हणजे पेनाच्या टोपणाएवढी प्लॅस्टिकची वस्तू. गाडीत सिगारेट पेटवायची जी खाच असते तिच्यात खोचली की निळा दिवा लागायचा. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की इंजिनाची ताकद वाढेल, पेट्रोल वाचेल, बॅटरी टिकेल आणि गाणी स्वच्छ ऐकू येतील. बाबांच्या गाडीत टेपच नव्हता, म्हणून शेवटच्या वचनाचा त्यांनी आग्रह धरला नाही.

ताकदीची गरज पडली ती आमच्यामुळे. लग्नानंतर मी आणि नवरा बंजारा हिल्सच्या मागच्या अंगाला, एका उभ्या चढाच्या टोकाला राहायला गेलो. बाबांची गाडी छोटी, बाजार खुला झाल्यावर पहिल्या उत्साहात घेतलेली, पण एसीची. आमच्या सगळ्या नातलगांत पहिली. चढावर एसी बंद केला की ती निमूट वर यायची. पण बाबा एसी बंद करतील तर शपथ. लेकीच्या दारात काचा खाली करून, घाम पुसत उतरायचं, तर एसीची गाडी घेतली कशाला, हा त्यांचा सवाल. एका रविवारी आई-बाबा आणि आम्ही दोघं असे चौघं गाडीत होतो, ऊन मी म्हणत होतं, आणि एसी चालू असताना गाडी ऐन चढावर बंद पडली. तशीच मागे घरंगळत शेजाऱ्यांच्या फाटकाला जाऊन टेकली. फाटकाला काही झालं नाही, बाबांना मात्र फार लागलं.

माझा नवरा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, आणि सल्ला देण्यात कधी उधारी न ठेवणारा. तो म्हणाला, "बाबा, ही गाडी आता विकून टाकू. तुम्हाला यायचं असेल तेव्हा मी घ्यायला येत जाईन."

"इंजिनाला जरा ताकद पाहिजे, बस्स," बाबा म्हणाले. "मी करतो बंदोबस्त. नाही चढली, तर किल्ली तुमच्या हातात."

तो बंदोबस्त पोस्टाने आला. नवऱ्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि रात्री मला सांगितलं की हा नुसता दिवा आहे, ताकद देणं दूरच, उलट थोडी वीज खाईल. त्याचं म्हणणं बरोबर होतं. बरोबर असूनही गप्प बसायची कला त्याला तेव्हा नुकती येऊ लागली होती.

परीक्षेच्या दिवशी पुन्हा आम्ही चौघं. आई पुढे बाबांच्या शेजारी, आम्ही दोघं मागे. काचा बंद, एसी चालू, निळा दिवा तेजात. नवरा खिडकीतून त्या फाटकाकडे बघत होता. चढ लागला तशी आई पदर सावरायला पुढे वाकली आणि त्याच हाताने तिने एसीचं बटण हळूच दाबून बंद केलं. पंखा फिरतच राहिला, गारवाही तेवढ्यापुरता टिकला. गाडी वर गेली. आमच्या दारापाशी आईला पुन्हा पदर सावरावा लागला.

"बघितलं का जावईबापू?" बाबा म्हणाले. "मख्खनसारखी आली."

नवरा पुढे कित्येक दिवस इंटरनेटवर या यंत्राबद्दल वाचत होता. मी त्याला वाचू दिलं. पुण्याच्या माणसाला न कळणारं असं फार थोडं मिळतं, ते हिरावून घ्यायला माझा जीव होईना.

आईला मात्र मी स्वयंपाकघरात गाठलं. विचारलं, हे कशासाठी?

"हल्लू बोल," ती म्हणाली. "दुसरा कोणी न्यायला आलेला यांना चालत नाही. गाडी गेली की हे घरात बसणार, आणि मग मलाही बसावं लागणार. माझ्या गुडघ्यांनी बसचे धक्के खात मी तुझ्याकडे येऊ का? दिवा जळतोय ना, जळू दे."

मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण डोळे भरून आले होते. या गाडीवर आईचं माझ्याकडे येणं अवलंबून आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानंतर गाडी विकण्याचा विषय आमच्या घरात निघाला नाही. दर रविवारी ती दोघं काचा बंद करून थंडगार येत राहिली, आणि चढावर आईचा पदर न चुकता घसरत राहिला.

एका मे महिन्यात आई तिच्या बहिणीकडे नांदेडला गेली होती. बाबा एकटेच आले. आईने आमच्यासाठी काढून ठेवलेलं तांदळाचं पोतं आणि लोणच्याच्या बरण्या मागच्या सीटवर होत्या. निळा दिवा लागलेला होता, पण चारही काचा खाली होत्या, आणि बाबांचा सदरा पाठीला चिकटला होता. शेजारचे लोक आपल्या फाटकात उभे राहून बघत होते.

"एसी बिघडला का?" मी विचारलं.

"नाही, खालीच बंद करून आलो." त्यांनी रुमालाने मान पुसली. "तुझी आई शेजारी नसली की ते यंत्र चालत नाही."

मग त्यांनी पाणी मागितलं आणि आई कधी परत येणार ते मला विचारलं, जणू काही तिने ते त्यांना सांगितलंच नव्हतं.