काढायची राहिलेली पिन

हे आजवर घरातही कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला वाटतं, रौफच्या हाताचं वाईट वाटतं म्हणून मी त्याच्या गल्लीतून जायचं टाळतो. वाईट वाटणं— तेवढंच असतं तर बरं होतं.

रौफ माझा शाळेपासूनचा मित्र. लातुरात त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. भूकंपात त्याची बहीण गेली, आणि नंतर कैक वर्षं तो बोलता बोलता मधेच थांबायचा. "ऐकलंस का रे? जमीन गुरगुरायली." मी म्हणायचो, "तुझं पोट असंल." तोही हसायचा. थोडंसं.

पुढं शहरात क्लासेसचं पेव फुटलं. मी एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला लागलो. पालकांसमोर काहीतरी झगझगीत दाखवायचं म्हणून टेस्ला कॉइल करायची ठरली— हवेत वीज फेकणारं यंत्र. तार रौफनंच गुंडाळली. पण ठिणगी बोटभरच यायची. खालच्या तांब्याच्या वेटोळ्यांवर चिमटा पुढंमागं सरकवत दोन्ही कॉइलींचा मेळ जुळवायचा, तेच काम चाललं होतं. आमचा एक नेम होता. चिमट्याला हात लावण्याआधी मी बोर्डातली पिन उपसायची, मुठीत धरायची आणि म्हणायचं, "निवली"— म्हणजे वीज तोडली, आता हात लाव. तोवर रौफ हात पाठीमागं बांधून उभा.

त्या दुपारी लाइट गेली. लोडशेडिंग— रोजचंच. पंखा थांबला, कॉइल गप्प झाली. मी फळ्यावर पालकांचं स्वागत लिहीत होतो. खोलीत आम्ही दोघंच. रौफनं विचारलं, "निवली का?" मी मागं न बघता म्हणालो, "हाव, निवली."

पिन बोर्डातच होती. चिमटा त्याच्या बोटांत असताना लाइट आली.

पिन मीच उपसली— तेव्हा. त्याची उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यानं विचारलं. तक्रार नव्हती ती, नुसतं विचारणं— "तू निवली म्हणाला होतास ना?" क्लासचे मालक शेजारीच उभे. मला नोकरी दिसली? पोलीस दिसले? काय दिसलं ते सांगून आता काय होणार? मी म्हणालो, "नाही रे. मी बोललोच नाही. तुला भूकंपापासून काहीबाही ऐकू येतं."

त्यानं मान्य केलं. लगेच. थोडा तरी भांडला असता—

नुसती थाप असती तर एक वेळ... पण बहिणीच्या मरणानं त्याला दिलेली भीती मी उचलली, आणि त्याच्याच विरुद्ध वापरली. दुकान बंद पडलं. तो अजून लोकांना सांगतो, "दोष माझ्या कानांचा, ह्यानं तर जीव वाचवला." कधी मी तिथंच असतो. ऐकून घेतो.

परवा त्याच्या मुलीचा निकाह झाला. निकाहात मुलीच्या वतीनं बोलणारा वकील आणि साक्षीदार तिची संमती विचारायला आत गेले, मी रौफजवळ दाराशी उभा होतो. मुलगी स्वच्छ आवाजात म्हणाली— कबूल. आतबाहेर सगळ्यांनी ऐकलं. रौफ माझ्याकडं वळला. हळूच म्हणाला, "म्हणाली ना रे ती? का मलाच..."

"म्हणाली," मी म्हणालो.

मग कुठं त्यानं डोळे पुसले.