पांढरी बोटं कुणाकडची

थंडीत माझी बोटं खडूसारखी पांढरी पडतात, मग निळी, मग लाल. डॉक्टर म्हणाले, "याला रेनॉड म्हणतात. गारव्यानं नाहीतर ताणानं बोटांतल्या रक्तवाहिन्या गरजेपेक्षा जास्त आवळतात. ऊब मिळाली की उतरतं. पुष्कळदा घराण्यातून येतं." शेवटचं वाक्य गिळलं असतं तर त्यांचं काय गेलं असतं?

"तुमच्या कन्नड गावच्या माणसांकडूनच आलं असणार," आई तिथंच म्हणाली.

"आमच्याकडं सगळे ठणठणीत हायेत. तुझ्या फुलंब्रीत विचार आधी," बाबा.

एकच जनुक धरून दाखवता येत नाही, बरीच मिळून थोडं थोडं करतात, असं डॉक्टर सांगत होते. ऐकतंय कोण!

दोन वर्षं हेच. शेवटी चुलतभावाच्या पोराच्या जावळाला दोन्हीकडचे जमले, तेव्हा बाबांनी घमेलंभर बर्फ आणला आणि एकेकाला हात बुडवून बसवलं. मोठे काका कण्हत होते, मामा "लई झालं, भाऊजी" म्हणून विनवत होता. एकाचंही बोट पांढरं पडलं नाही. आई तेवढी सुटली, तळण सोडून उठता येत नाही म्हणाली. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. आता स्वतःच्या अकलेची कीव येते.

मग डिसेंबरात आमच्या पुंडलिकनगरच्या घरी मला बघायला पाहुणे आले. मुलाला मी आधीच भेटले होते, बोटांचंही सांगितलं होतं. मला तो लई आवडला होता. पण त्यांच्या घरात शब्द चालायचा त्याच्या आत्याचा. तिनं एकदा कोड म्हटलं की संपलं, मग डॉक्टर आणा नाहीतर आणखी कुणाला आणा.

आईनं दोन बटाटे उकडून माझ्या दोन्ही मुठींत दिले. "धरून बस. पोहे न्यायच्या वेळी ठेव." एक ठेवला. दुसरा घाईत कमरेला खोचला.

ट्रे ठेवायला वाकले आणि बटाटा टपकन पडला, घरंगळत थेट मुलाच्या पायाशी. त्यानं उचलला. "अजून गरम आहे," म्हणाला. बिचाऱ्याला दुसरं काय सुचणार!

कुणी हसलं नाही. माझी बोटं मात्र सगळ्यांदेखत पांढरीफटक. आत्या पुढं वाकली. "अगं बाई! कोड हाय का?"

बाबा "रक्तवाहिन्या" एवढंच म्हणाले आणि अडकले. मला धरणी दुभंगली तर बरं असं झालं.

तेवढ्यात आई आली. हात ओले, नुकतीच गार पाण्यानं भांडी विसळलेली. तिनं आपला हात माझ्या हाताशेजारी टेकवला. तिचीही बोटं तशीच पांढरी.

"कोड नाय. माझ्याकडून आलंय. लग्नाआधीपासून हाय मला. कोड असतं तर एवढ्या वर्षांत पसरलं नसतं व्हय? थांबा जरा, उतरतं. बघूनच जा."

आत्यानं खरंच मोबाइलवर वेळ लावली. सगळे आमच्या हातांकडं बघत पोहे खात बसले. बोटं निळी झाली, मग लाल. "बरं," आत्या म्हणाली, "तारीख काढा."

पाहुणे गेल्यावर बाबा म्हणाले, "मी बघायला आलो तेव्हा तू हातभर मेंदी..."

"मग काय करू? तुम्हाला पण आत्या होती."

दोन वर्षांचं भांडण बाबांनी जिंकलं होतं. आता ऐकवतील, म्हणून मी कान झाकायच्या बेतात होते. ते उठले, आत गेले, आणि उरलेला बटाटा गरम करून आईच्या हातात दिला.