अकरा घरांचा एकच निरोप

“तुही प्रार्थना संपेस्तोवर माहा भात थंडा झाला, लटारू!”

सोमाजीभाऊ असे ओरडले तेव्हा केसरबाई दाराच्या मागे उभी होती, हातात वरणाचा गंज. तिच्या लग्नाला तीन महिने झाले असतील. त्या शुक्रवारी गावातल्या ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनेची पाळी तिच्या सासरी होती आणि रीत अशी, की ज्याच्या घरी पाळी त्याच्याच घरी साऱ्यांनी जेवायचं. भात वाढून झाला आणि जेवणावरची प्रार्थना लटारूभाऊंनी धरली. आधी त्यांनी गावासाठी मागितलं, मग जिल्ह्यासाठी, मग देशासाठी. ते परदेशात पोचले तोवर भातावरची वाफ कधीच उडाली होती.

“देवासमोर पोटाचं नाव काढतं? लाज नाई वाटत?” लटारूभाऊ म्हणाले.

“माहं पोट तरी खरं हाये. तू तं लोकायनं ऐकावं म्हनून प्रार्थना करतं.”

हे फार लागलं. लटारूभाऊंनी ताट सरकवलं. सोमाजीभाऊ उठलेच. “आजपासून तुह्या आमेनले माहा आमेन नाई,” म्हणाले आणि चपला घालून गेले. सासूनं केसरबाईचा पदर ओढला. “तू काई ऐकलं नाई. वरन वाढ.”

केसरबाईनं वरण वाढलं आणि गप्प राहिली. पुढे चाळीस वर्षं ती तशीच गप्प राहिली.

सोमाजीभाऊंनी चार महिन्यांनी वैनगंगेत बुडी मारून नव्यानं बाप्तिस्मा घेतला आणि आपली वेगळी मंडळी उभी केली. मग गावात सांगायची गोष्टच बदलली. जुनी मंडळी म्हणे, नदीच्या पाण्यावरून फूट पडली. नवी मंडळी म्हणे, तुमच्या कपाळावरच्या चार थेंबांनी काही होत नाही. जुने लोक एकेकानं, डोळे मिटून, हळू प्रार्थना करत. नवे सारे मिळून एकदम, मोठ्यानं, वर ढोलक. जुने “जय ख्रिस्त” म्हणत, नवे “प्रेज लार्ड”. भाताचं नाव कोणी काढेना. इतकी वर्षं तेच तेच सांगून सांगणाऱ्यांनाही ते खरं वाटायला लागलं.

चामोर्शी तालुक्याच्या आतल्या बाजूला हे गाव. ख्रिस्ती घरं मोजून अकरा. पाच जुनी, पाच नवी, एक दोन्हीकडचं. बाकीचं गाव बौद्धांचं नि धानाच्या शेतकऱ्यांचं. अकरा घरांना दोन-दोन देवळं काऊन लागतात, हे त्या बिचाऱ्यांना कधी समजलं नाही, आणि विचारलं तर समजावून सांगणारा धड कोणी नव्हता.

केसरबाई विधवा झाली, म्हातारी झाली, आणि निरोप सांगायचं काम तिच्याकडे आपोआप आलं. शुक्रवारी कोणाच्या घरी प्रार्थना, ते गुरुवारी घरोघर जाऊन सांगायचं. ती होती जुन्या मंडळीतली, पण नव्यांनीही तिलाच धरलं; म्हातारी तशीही फिरतेच. आता दोन्हीकडच्या पोरांनी मोबाईलवर गट काढले होते, पण रेंज यायची ती फक्त तलावाच्या बांधावर. लिहिता-वाचता तिला येत नव्हतं. पाळ्या तिच्या लक्षात राहत त्या चहावरून. लटारूभाऊंकडे साखर कमी, मग त्यांच्यानंतर आलं घालणारं घर, मग पुढचं.

अकरातलं ते एक घर दोन्ही याद्यांत होतं. नीलाबाईचं.

नीलाबाई केसरबाईच्या माहेरच्या गावची. दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन इथे आल्या. नीलाबाई जुन्या मंडळीत राहिली. तिचा मुलगा विनोद लग्नानंतर नव्यांत गेला, सोमाजीभाऊंचा मुलगा कोलू याच्या हाताखाली. सोमाजीभाऊ आता नव्हते. नवी मंडळी कोलू चालवी. त्यानं विनोदला सांगून ठेवलं होतं, तुझ्या मायचा बाप्तिस्मा खरा नव्हे, तिच्या प्रार्थनेला आमेन म्हणू नको. आज्ञाधारक पोरगा. एका घरात दोन प्रार्थना व्हायला लागल्या. माय चुलीपाशी आणि लेक-सून छपरीत, पुढच्या ओसरीवर. अशी सहा वर्षं.

या आषाढात नीलाबाईला नागपूरहून परत आणलं. पोटात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, जे खातील ते द्या. केसरबाई रोज जाऊन बसायची. एक दिवस नीलाबाई म्हणाली,

“केसर, मले एक पाह्यजे होतं वं.”

“काय? मुरमुऱ्याचा लाडू?”

“लाडू तं गिळत नाई आता. मले एकडाव सारे मिळून प्रार्थना करताना ऐकाचं हाये. आपले आन् त्यायचे. आन् माह्या विनोदनं माह्या आमेनले आमेन म्हनावं. बस.”

“हे तं मोठं काम सांगतलं तू. लाडू सोपा होता.”

नीलाबाई हसली आणि हसता हसता पोट धरून कळवळली. केसरबाईला घरी येईपर्यंत काही सुचेना. लटारूभाऊंना सांगावं तर ते म्हणणार, आधी कोलूनं माफी मागावी. कोलूला सांगावं तर तो म्हणणार, आधी लटारूकाकांनी नदीत उतरावं. आणि नीलाबाईकडे तेवढे दिवस कुठे होते?

धानाची रोवणी सुरू होती. सारे दिवसभर चिखलात. प्रार्थना दोन आठवडे बुडाल्या, पाळ्या मागेपुढे झाल्या, आणि त्या गुरुवारी केसरबाई मनातल्या मनात चहा मोजत बसली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की उद्या जुन्यांची पाळी नीलाबाईच्या घरी आणि नव्यांची विनोदच्या घरी. घर एकच. तिनं पुन्हा मोजलं. खरंच होतं ते.

मग ती निघाली. अकरा घरी एकच निरोप सांगितला: “उद्या चार वाजता, नीलाबाईच्या घरी.” प्रार्थना कोणाची, ते कोणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. सांगितलेल्यात खोटं काहीच नव्हतं.

शुक्रवारी सारे आले. लटारूभाऊ फडक्यात बांधलेलं पवित्र शास्त्र घेऊन, काठी टेकत. कोलू ढोलक घेऊन. दोघं छपरीत समोरासमोर उभे राहिले.

“आज पाळी आमची हाये,” लटारूभाऊ म्हणाले.

“आमची बी हाये, काका. विनोदचं घर हाये हे.”

दोघांनी केसरबाईकडे पाहिलं. कोलू म्हणाला, “मावशी, निरोप कोनाचा देल्ला तू?”

“दोघायचा. एकच तं होता. एका घरासाठी मी गावात दोनदा फिरू का? माहे गुडघे पाह्य.”

कोणीतरी हसलं, पण ते हसू तिथेच विझलं. आधी आम्ही करतो, मग तुम्ही. आधी आम्ही काऊन नाई? वयानं मोठं कोन? बाप्तिस्मा खरा कोनाचा? आवाज चढत गेले. आतल्या खोलीत नीलाबाई कण्हत होती आणि विनोद उंबऱ्यावर उभा. एक पाय आत, एक बाहेर. एक बाई उठून जायला लागली.

केसरबाई पुढे झाली. चाळीस वर्षं गिळलेली गोष्ट तिच्या तोंडाशी आली, आणि ती तिला पुन्हा गिळता येईना.

“लटारूभाऊ, मी दाराच्या मांगं होती त्या दिवशी. बाप्तिस्म्याचं नाव बी कोनी घेतलं नोयतं. सोमाजीभाऊ म्हनले, भात थंडा झाला. तुमी म्हनले, पोटाची लाज नाई वाटत. एवढंच झालं होतं.”



“माह्या बाबाचं नाव खराब करू नको, मावशी,” कोलू म्हणाला. “बाबानं सत्यासाठी मंडळी सोडली.”

“मंग इचार न काकाले.”

लटारूभाऊ काठीकडे पाहत राहिले. वाटलं, आता निघून जातात. मग खाली मान घालूनच म्हणाले, “भात खरंच थंडा झाला होता गा, कोलू.”

कोलूचं तोंड उतरलं. आपल्या बापाची अख्खी गोष्ट कोणी काढून घेतली, तर माणूस कुठे बघणार? तो ढोलकाची दोरी उगाच ओढत राहिला. त्याची बायको उठून निघून गेली. तिच्या मागे अजून दोघी. बाकीचे जागचे हलले नाहीत, कारण आतून नीलाबाईनं हाक मारली होती. “या न रे. मले ऐकू येत नाई बाहेरचं.”

आत खाटेभोवती जागा नव्हती. एकमेकांना खेटून उभं राहावं लागलं. लटारूभाऊंनी प्रार्थना सुरू केली आणि नव्या लोकांचीही तोंडं सवयीनं एकदम उघडली. असा गलका झाला, की लटारूभाऊ बोलता बोलता थांबले. त्यांनी डोळे उघडून पाहिलं आणि मग तेही मोठ्यानं बोलू लागले. आवाज चिरका, ताल नाही. कोलूचं ढोलक छपरीतच पडलं होतं. त्या दिवशी लटारूभाऊंनी परदेशाचं नाव घेतलं नाही. सारं मिळून ती प्रार्थना चहा उकळायला लागतो तेवढीच झाली.

शेवटी नीलाबाई “आमेन” म्हणाली. विनोद पायथ्याशी उभा होता. त्यानं कोलूकडे पाहिलं. कोलू भिंतीकडे पाहत होता.

“आमेन, माय,” विनोद म्हणाला.

त्यानं सारं सुरळीत झालं असं नाही. दोनच दिवसांत कुरकुर सुरू झाली. जुन्यांतले म्हणाले, लटारूभाऊ म्हातारपणी वाहवले. कोलू कोणाशी बोलेना. त्याच्या बायकोनं केसरबाईला तोंडावर सांगितलं, मेलेल्या माणसाची अब्रू काढली तू. केसरबाईला स्वतःलाही रात्रंदिवस तेच वाटत होतं. छातीत काहीतरी अडकल्यासारखं दुखे. ती कोणाला सांगत नसे.

मंगळवारी पहाटे नीलाबाई गेली. विनोद उशाशी होता.

मातीची वेळ चारची ठरली. प्रार्थना कोण करणार, ते ठरलं नाही. लटारूभाऊ आणि कोलू विनोदच्या अंगणात दोन टोकांना बसले होते. निरोप मात्र द्यायला हवा होता. केसरबाईचं हे शेवटचं फिरणं. पोळा यायच्या आत ती स्वतःच गेली. पण त्या सकाळी तिला त्याची काय खबर? तिनं डोक्यावरून पदर घेतला, चिखलात चप्पल रुतते म्हणून ती हातात घेतली आणि निघाली. नेहमीच्याच क्रमानं, एकही घर न वगळता. आल्याचा चहा एका घरी पुढे आला. तिनं हातानंच नको म्हटलं.

कोलूच्या दाराशी त्याची बायको तांदूळ पाखडत होती. तिनं मान वर केली नाही. केसरबाईनं उभ्यानंच दम खाल्ला.

“चार वाजता, नीलाबाईच्या घरून.”

“प्रार्थना कोन करनार? तुमचे का आमचे?”

“मले निरोप एवढाच हाये, बाई. चार वाजता.”

सूप थांबलं. केसरबाईनं अजून थोडी वाट पाहिली. मग चप्पल या हातातून त्या हातात घेतली आणि बांधाच्या कडेनं पुढच्या घराकडे चालू लागली. अजून तीन घरं राहिली होती.