आप्पांचे पाय

दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

आमचं घर वडगावात. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर हातमागावर साड्या विणल्या. मागाखाली खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून, खालच्या फळ्या दाबत. आता त्या साड्या कुणी घेत नाही. म्हणून मी शेजाऱ्यांच्या यंत्रमागावरच्या साड्या ऑनलाइन विकते.

गेल्या महिन्यात मीच माग काढायला लावला, खड्डा बुजवला, वर फरशी घातली आणि त्याच जागी कॉम्प्युटरचं टेबल मांडलं. मला वाटलं, लई शहाणपणाचं काम केलं.

आज मी आप्पांना साडीचा फोटो टाकून खाली रंग, काठ, पदर टाईप करायला शिकवत होते. आप्पा एका बोटानं, पण मन लावून करत होते. तेवढ्यात टेबल हलायला लागलं. वाकून बघितलं, तर त्यांचे पाय फरशी दाबत होते. एकदा डावा, एकदा उजवा, आणि गुडघे टेबलाला लागत होते.

"आप्पा, पाय दुखत्यात काय?"

ते दचकले. "न्हाय गं. हात चालला की पायबी चालत्यात."

मग खाली बघत हळूच म्हणाले, "फळ्या हाईत असंच वाटतंय बघ अजून."

मी चहा ठेवते म्हणून उठले.

खड्डा बुजवायच्या आधी मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलं असतं?

आता कॉम्प्युटर बंद केलाय. आप्पा खुर्चीतच बसलेत. टेबल अजून हलतंय.